मागणी क्रमांक सतरा

मंगळवारी सकाळी मागणी क्रमांक सतराची दहा मतं कमी झाली. मार्लिस हॉगन तेव्हा टेबलाशी बसून केळ्याचा केक खात होती आणि समोरच्या पडद्यावरच्या आकड्याकडे, रोज बघायची तशी, न बघता बघत होती. आकडा बदलला तेव्हा तिला आधी वाटलं, चष्मा धुरकटलाय. तिनं चष्मा स्वेटरला पुसला, परत लावला. नऊ हजार सहाशे चाळीसचे नऊ हजार सहाशे तीस झाले होते. पंधरा वर्षांत हा आकडा फक्त वाढत आला होता. तोंडातला घास गिळायचा राहून गेला. पलीकडच्या टेबलावरून टोबिननं मान उंचावली. टोबिन तिचा साहेब, तिच्याहून बरोबर तीस वर्षांनी लहान. "मार्लिस, पाहिलंस का? सतरावरून कुणीतरी उतरलं! पंधरा वर्षांत पहिलाच शहाणा. केक आणायचा का?" "केक मी खातेच आहे," मार्लिस म्हणाली. तो हसला, ती हसली, आणि हसता हसता तिनं आकड्यावर बोट दाबून नाव उघडलं. ऑर्डेल हॉगन, केटल रिज. हॉगन आडनाव या भागात पैशाला पासरी. त्यामुळे हा मार्लिसचा सख्खा भाऊ आहे हे पेपरबर्चमध्ये कुणाला कधी सुचलं नव्हतं, आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

काम तिचं तसं सोपं होतं. पेपरबर्च कंपनी पीडीएफचं सॉफ्टवेअर करायची. कागदासारख्या दिसणाऱ्या फायली उघडायच्या, वाचायच्या, त्यावर सह्या करायच्या, आणि मुख्य म्हणजे भरायचे फॉर्म तयार करायचे. पेपरबर्चमध्ये केलेला फॉर्म फक्त पेपरबर्चमध्येच उघडायचा. दुसरीकडे उघडला की पांढऱ्या पानावर 'कृपया थांबा' एवढंच यायचं, आणि माणूस कितीही थांबला तरी पुढे काही यायचं नाही. लोकांना काय हवंय ते सांगायला कंपनीनं एक फळा ठेवला होता. तिथे मागणी लिहायची, दुसऱ्याच्या मागणीला मत द्यायचं. प्रत्येकाला आयुष्यभराची दहा मतं. ती वाटून द्यावीत, एकाच मागणीवर ओतावीत, किंवा काढून दुसरीकडे न्यावीत, ज्याची त्याची मर्जी. ऑर्डेलनं पंधरा वर्षांपूर्वी फळ्यावर सतरावी मागणी लिहिली होती, 'लिनक्सवर चालेल अशी आवृत्ती द्या' (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी फुकट घालता येणारी यंत्रणा), आणि आपली दहाच्या दहा मतं तिच्यावर ठेवली होती. ती तिथून हलली नव्हती. दर जानेवारीत तो खाली एक ओळ लिहायचा: 'अजून इथेच आहे. ऑर्डेल, केटल रिज.' आणि दर जानेवारीत 'पेपरबर्च परिवार' अशा सहीनं त्याला उत्तर जायचं: प्रिय वापरकर्ते, आपली मागणी विचाराधीन आहे. पेपरबर्च परिवार म्हणजे मार्लिस. कोपराला गूळ लावायचं काम तिच्याकडे होतं आणि ते ती, टोबिनच्या मते, फार मायेनं करायची.

आता मात्र तिनं केक बाजूला सरकवला, कारण फळा कालपासून नवा होता. नव्या फळ्यावर प्रत्येक मागणीच्या खाली एक छोटा बाण होता, आणि तो दाबला की मागणीचा सगळा इतिहास उलगडायचा: कुठल्या तारखेला काय बदललं आणि कुणी बदललं. पेपरबर्च परिवारानं नव्हे, माणसानं, नावानिशी. ही कल्पना मांडली गेली तेव्हा बैठकीत मार्लिसच सगळ्यांत आधी म्हणाली होती, हो, लोकांना कळायला हवं. का म्हणाली असेल? तिनं आता बाण दाबला. सतरा नंबरचा इतिहास लांबलचक होता, आणि त्यात मधोमध, आठ वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या एका मंगळवारी, दोन ओळी होत्या. 'मागण्या एकत्र केल्या: मार्लिस हॉगन.' त्याच्याखाली, बावीस मिनिटांनी, 'स्थिती बदलली, पूर्ण: मार्लिस हॉगन.' ऑर्डेल असल्या गोष्टी वाचणारा माणूस होता. तो औषधाच्या बाटलीवरचा कागद शेवटपर्यंत वाचायचा. काल फळा बदलला, आज त्यानं मतं काढून घेतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला झालं. भर सकाळी, उजेडात, ती स्वतःचं नाव बघत बसली.

जेवायच्या सुट्टीपर्यंत तिनं कसाबसा दम धरला. मग कोट चढवून ती खाली समुद्राएवढ्या तळ्याच्या बाजूला गाडी लावली होती तिथे जाऊन बसली. एप्रिल अर्धा सरला होता तरी तळ्यावर बर्फ होतं. वारा किनाऱ्याकडे वळला की ते फुटून दगडांवर चढायचं आणि बशा एकमेकींवर घासाव्यात तसा आवाज यायचा. काचा वर होत्या तरी तो ऐकू येत होता. तिनं गाडी सुरू केली नाही. फोन मांडीवर ठेवला. ऑर्डेलला फोन करायचा दिवस रविवार. दर रविवारी जेवणानंतर, चर्चमधून आल्यावर, अर्धा तास. हवा, ट्रक, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. या अर्ध्या तासांत सतरा नंबरचं नाव निघत नसे. एकदाच, अगदी सुरुवातीला, तिनं त्याला म्हटलं होतं, अरे एक साधं विंडोज मशीन घे आणि मोकळा हो. तो म्हणाला होता, माझं सोड, गावाचं काय? केटल रिजची खाण बंद झाली त्या वर्षी लोकांनी घरं विकली, गेले, जाताना जुने कॉम्प्युटर गॅरेजच्या दाराशी टाकून गेले. बत्तीस वर्षं खाणीत वीज सांभाळलेल्या ऑर्डेलचा जीव त्या फेकलेल्या यंत्रांत अडकला. तो ती उचलून आणायचा, झाडायचा, लिनक्स घालून जिवंत करायचा, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी नेऊन ठेवायचा. केटल रिजमध्ये पंचवीस-तीस घरांत त्याच्या हातची यंत्रं होती. लिनक्सवर पेपरबर्च चालत नसे. म्हणून गावाच्या सभागृहात, कॉफीच्या भांड्याशेजारी, त्यानं एकच विंडोजवालं मशीन ठेवलं होतं. कचेऱ्यांचे फॉर्म आले की सगळं गाव तिथे येऊन भरायचं. त्या मशीनला तो 'पाहुणा' म्हणायचा.

आठ वर्षांपूर्वीचा तो मंगळवार मार्लिसला इतका लख्ख आठवत होता की कधी कधी तिला शंका यायची, आपण तो नंतर रंगवलाय की काय. तिमाही संपत होती. फळ्यावर भिजत घोंगडी फार झाली होती आणि तेव्हाच्या साहेबिणीला यादी आखूड हवी होती. फळा साफ करायची रीत ठरलेली: सारख्या मागण्या एकत्र करायच्या. लिनक्सवर द्या, टॅबलेटवर द्या, फोनवर द्या. तिन्हींचा मतलब एकच, की आणखी ऑपरेटिंग सिस्टीमवर द्या. तिनं तिन्ही सतरा नंबरात मिळवल्या, मथळा बदलला. हातात अंड्याचं सॅण्डविच होतं, डाव्या हातात, कारण उजव्या हातात माउस. टॅबलेटची आवृत्ती आदल्या आठवड्यात निघाली होती. म्हणजे मागणी पूर्ण झालीच की. बटण हिरवं होतं. ते तिनं दाबलं, आणि त्या क्षणी तीन मागण्यांच्या एकूण एक मतदाराला ईमेलनं पत्र गेलं: आनंदाची बातमी! आपण केलेली मागणी पूर्ण झाली आहे. वर रंगीत फुगे. मजकूर तिचा, फुगेही तिनंच निवडलेले. सॅण्डविच संपेपर्यंत तिला काही कळलं नव्हतं. मग शिव्यांची पत्रं यायला लागली. बुधवारी तिनं स्थिती पुन्हा 'विचाराधीन' केली. पण पत्र जायचं ते मागणी पुढे सरकली तरच. मागे आली तर यंत्र मूग गिळून बसायचं. कुणालाही कळवलं गेलं नाही. ऑर्डेलचं एक ओळीचं पत्र मात्र मंगळवारीच आलं होतं, तिच्या घरच्या ईमेलवर: 'शेवटी! मला ठाऊक होतं.' तिनं ते दोनदा वाचलं. उत्तर काय लिहावं सुचेना. रविवारी बोलताना समजावून सांगू असं तिनं ठरवलं. एवढी काय घाई.

रविवारी ऑर्डेल म्हणाला, ते तुमचं काही चाललं नाही गं. ती म्हणाली, गोंधळ झाला होता, सांगते. तो म्हणाला, असू दे. मग हवेचं झालं, आणि मग, त्याच सुरात, जसं काही हवेचंच पुढे चाललंय, तो म्हणाला, इलीनचं इथलं जमलं नाही. इलीन त्याची बायको. तिला विसर पडायला लागून तीन वर्षं झाली होती. केटल रिजमध्येच अशा माणसांना सांभाळणारं एक घर होतं, बारा खाटांचं, ऑर्डेलच्या दारातून चालत सात मिनिटं. त्यात वर्षानुवर्षं खाट रिकामी होत नसे. त्या मार्चमध्ये एक झाली होती. जमलं नाही म्हणजे काय, मार्लिसनं विचारलं नाही. तिला वाटलं, वैद्यकीय काहीतरी असेल. इलीनला पश्चिमेकडे नेलं, डाकोटाच्या सीमेजवळ, ट्रकनं चार तास. ऑर्डेल दर रविवारी पहाटे निघायचा आणि रात्री परत यायचा. म्हणून मग दोन वर्षं त्यांचे रविवारचे फोन वाटेवरच्या पेट्रोल पंपांवरून व्हायचे. इलीन काय म्हणाली, मार्लिस विचारायची. विचारत होती घरी कधी जायचं, तो सांगायचा. ती गेली तेव्हा बुधवार होता. तिथल्या नर्सनं तिचा हात धरला होता असं त्यांनी फोनवर कळवलं. ऑर्डेल पोचला तेव्हा तिचे केस विंचरून झाले होते, भांग मात्र चुकीच्या बाजूनं पाडलेला.

आणि मग अंत्यविधीनंतरचं, चर्चच्या तळघरातलं ते जेवण. लांब टेबलं, पाच-सहा प्रकारचे बटाटे, कॉफीचं मोठं भांडं. ऑर्डेल प्रत्येकाला सांगत होता, वाईट नाही, वाईट नाही. आमच्या लोकांत यापेक्षा जास्त कुणी बोलत नाही, ना लग्नात ना मयताला. बर्नाडीन म्हणून शेजारीण मार्लिसशेजारी ताटली घेऊन बसली आणि बोलता बोलता म्हणाली, "नशीब बघा. इथल्या खाटेचा अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत पोचवायचा होता. त्याच वर्षापासून कागदावर घेणं बंद झालेलं. आणि या शहाण्यानं बुधवारीच सभागृहातलं ते एकुलतं एक मशीन पुसून लिनक्सचं करून टाकलेलं! म्हणे, आता याची गरज नाही, आता सगळीकडे चालणार. शुक्रवारी अर्ज उघडतो तर पांढरं पान. कृपया थांबा! लायब्ररीपर्यंत अडतीस मैल गेला बिचारा त्या बर्फात. बर्फामुळे लायब्ररी लवकर बंद. शनिवारी अर्ज गेला, पण खाट काय शनिवारपर्यंत थांबते? आणखी थोडं बटाट्याचं घ्या ना." मार्लिसनं घेतलं. तिनं ते सगळं खाल्लं. चमचा ताटलीवर वाजू नये इतक्या जपून खाल्लं. त्या क्षणापासून सहा वर्षं ती हे पोटात घेऊन फिरत होती आणि दर रविवारी अर्धा तास हवेबद्दल बोलत होती.

कधी कधी ती स्वतःची समजूत घालायची. अर्ज वेळेवर गेला असता तरी खाट इलीनलाच मिळाली असती असं थोडंच आहे? आणखी अर्ज असतील. आणि मशीन पुसायला कुणी सांगितलं होतं? आधी चालवून तरी बघायचं. पण ही शेवटची गोष्ट मनात आली की तिला स्वतःची शिसारी यायची, कारण तिला ठाऊक होतं त्यानं चालवून का बघितलं नाही. पत्र बहिणीच्या कंपनीतून आलं होतं. तो तिला कधी म्हणाला नव्हता की ही मागणी तुझ्याकडे बघून केलीय. म्हणणारही नव्हता. आमच्याकडे आपल्या माणसाजवळ कुणी काही मागतच नाही. आई सांगायची, मागणं म्हणजे दुसऱ्याला 'नाही' म्हणायची पाळी आणणं. आपली अडचण नुसती बोलून दाखवायची, जाता जाता, हवेबद्दल बोलावं तशी. समोरच्यानं ओळखायचं आणि म्हणायचं, आण इकडे, मी करते. मग आपण म्हणायचं, नको, उगाच कशाला. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. मार्लिसच्या लहानपणी वडिलांच्या ट्रॅक्टरचा पट्टा तुटला की ते शेजारच्या शेतावर जाऊन दोन कप कॉफी पिईपर्यंत ट्रॅक्टरचं नाव काढत नसत. आणि शेजारी मात्र त्यांना येताना बघूनच पान्हा शोधायला लागलेला असे. अशा मुलखात मार्लिसनं आयुष्यभर मागण्या वाचायची नोकरी केली. ऑर्डेलनं पंधरा वर्षं उघड उघड, लेखी, नंबर घालून मागितलं ते कंपनीजवळ. कंपनीजवळ मागायला हरकत नसते.

बर्फ दगडांवर चढत होतं. पुलाजवळ एका बोटीनं भोंगा दिला, मोसमातली पहिली असावी, आणि बोटीसाठी वर उचलल्या जाणाऱ्या पुलानं भोंग्यानंच उत्तर दिलं. मार्लिसनं ठरवलं की आज विचारायचंच. त्यानं वाचलं असेल तर वाचलंय म्हणू दे. ओरडू दे एकदाचा. ऑर्डेल ओरडतो कसा हे तिला माहीतच नव्हतं. साठ वर्षांत तिनं ते ऐकलं नव्हतं. तिला एकाएकी असं वाटलं की तो आज ओरडला तर बरं होईल, पेपरबर्च परिवाराच्या नावानं नाही, तो हाक मारतो त्या मार्लीच्या नावानं ओरडला तर आपण रडू तरी शकू. आणि नाहीच उचलला फोन तर? दहाच्या दहा मतं माणूस एकदम काढून घेतो म्हणजे त्याचं सगळंच आवरायचं चाललेलं असतं. तिनं फोन लावला. चौथ्या घंटेला त्यानं उचलला.

"कोण गेलं?" ऑर्डेल म्हणाला.

"कुणी नाही रे. सहज केला."

"मंगळवारी?"

"हो. बर्फ फुटतंय इथे. बोट आली आत्ता पहिली."

"हां. आमच्याकडे गल्ल्यांतून अजून आहे. पण खालून पाणी वाहतंय, आवाज येतो. आणि बाकी वाईट नाही."

"ऑर्डेल, तू मतं काढून घेतलीस."

"तुला दिसतं होय ते?"

"माझं कामच आहे ते."

"बरं. मला वाटायचं, दिसत असेल." त्याच्या आवाजात थोडी लाज होती, दुसऱ्याच्या झाडाची सफरचंदं काढताना सापडल्यासारखी. "दोनशे बारा नंबरला दिली. कुणीतरी तिथे मोठ्यानं वाचून दाखवायची सोय मागितलीय. माझ्या उजव्या डोळ्याला ओळी वाकड्या दिसायला लागल्यात गं. मधेच भोक पडल्यासारखं होतं पानाला. डॉक्टर म्हणतो, डावाही त्याच वाटेनं जाईल. पण दार दिसतं, ट्रक दिसतो. दहाच मतं असतात ना, म्हणून तिकडची इकडे न्यावी लागली. तुम्हाला काही त्रास नाही ना झाला?"

"नाही रे. कसला त्रास."

म्हणजे त्यानं वाचलं नव्हतं. छोटा बाण, बारीक अक्षरं. त्याला ती दिसलीही नसतील. मार्लिसच्या छातीवरचा धोंडा एकदम उतरला, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की भावाचे डोळे चालले हे ऐकून आपल्याला हायसं वाटलंय. तिनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. ते थंडगार होतं. आता डोळ्यांबद्दल विचारायचं, डॉक्टर कोण ते विचारायचं, रविवारी येते म्हणायचं आणि फोन ठेवायचा. वेळ मारून न्यायला तिच्याइतकं सरावलेलं कोण होतं? तोंड उघडलं तेव्हाही तिला वाटत होतं की आपण डॉक्टरचंच नाव विचारणार आहोत.

"ऑर्डेल, ते बटण मी दाबलं होतं."

"कुठलं बटण?"

मग तिनं सांगितलं. तीन मागण्या, सॅण्डविच, हिरवं बटण, पूर्ण. स्थिती परत फिरवली ते, आणि कुणालाही कळवलं नाही ते. त्याची ओळ दोनदा वाचून उत्तर दिलं नाही ते. बर्नाडीननं काय सांगितलं, आणि सहा वर्षं आपण काय केलं. फोनवर मधेच सुकं खोकल्यासारखं झालं. त्याचा कुत्रा असेल.

"असं होय," तो म्हणाला. "मला वाटायचं ती पत्रं मशीनच पाठवतं."

"मजकूर मी लिहिलेला. फुगेसुद्धा मीच घातले."

"फुगे चांगले होते. इलीनला आवडले. तिनं विचारलं, वाढदिवस कुणाचा आहे म्हणून." तो किंचित हसला. "मी म्हटलं, तुझाच. मग दिवसभर खूश होती."

मार्लिस आता रडत होती, आवाज न करता, कारण शेजारी गाडी लावून कुणीतरी सूप पीत बसलं होतं. "तू मला काहीतरी बोल," ती म्हणाली. "शिव्या दे."

"बटणासाठी? अगं, बत्तीस वर्षं मी बटणंच सांभाळली. चुकीचं बटण दाबलं जातं. माझ्या हातून एकदा सगळ्या खाणीत अंधार झाला होता, तुला सांगितलं नाही का कधी? बटणाचं काय एवढं." मग, बराच वेळ कुत्र्याशी काहीतरी पुटपुटून झाल्यावर, "मला आपलं त्या फोनचंच वाटत राहिलं."

"कुठल्या फोनचं?"

"शुक्रवारच्या. मी केला होता ना तुला, ऑफिसात. तीनला वीस मिनिटं होती. सभागृहातलं घड्याळ समोरच आहे म्हणून लक्षात आहे." तो सावकाश बोलत होता, दिवा घेऊन खाली उतरावं तसा, पायरी पायरी बघत. "मी म्हटलं, मार्ली, एक फॉर्म आहे, उघडतच नाही बघ, आणि आज पाचपर्यंत जायचाय. तर तू ते तुमच्या पत्रातलं म्हणालीस, 'प्रिय वापरकर्ते, आपली मागणी विचाराधीन आहे.' अगदी त्या आवाजात. मला हसू आलं. मग मी म्हटलं, इलीनच्या कामाचा होता, पण असू दे, बघतो काहीतरी. तू म्हणालीस, हं, बघ. मग मी म्हटलं, बाहेर बर्फ फार आहे आणि लायब्ररी पडते लांब. तू म्हणालीस, जपून चालव. तुझी मीटिंग असावी कसली तरी."

मार्लिसनं डोळे मिटून तो शुक्रवार शोधला. मंगळवार तसाच्या तसा होता, मिनिटामिनिटाचा, अंड्याच्या वासासकट. बुधवारच्या शिव्या होत्या. शुक्रवारी तिनं काय घातलं होतं, दुपारी कुठे होती, कुणाशी बोलली, काही नव्हतं. खिडकीबाहेर बर्फ पडत असेल, पडतच असणार. टेबल होतं, त्यावर सुरू असलेलं यंत्र होतं, त्यात पेपरबर्च, नेहमी उघडंच. त्या सगळ्यात फोन कुठेच वाजत नव्हता. ती पुन्हा पुन्हा त्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि तो काही केल्या वाजेना.

"तुझ्यासमोर ते चालू असणार, नाही?" ऑर्डेलनं विचारलं. खरंच माहीत करून घ्यावं अशा आवाजात. "तिथल्या तिथे उघडलं असतं?"

"हो."

"मला वाटलंच तसं."

"मला आठवत नाही, ऑर्डेल. मला तो फोन आठवतच नाही."

"हो. तुला कामं असतात."

"पण मग तू सरळ का नाही सांगितलंस?" तिचा आवाज फुटला, शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघायला लागला, बघू दे. "नुसतं म्हणायचं, मार्ली, एवढं भरून दे. दोन मिनिटांचं काम होतं रे, दोन मिनिटांचं! तू मागितलं का नाहीस माझ्याजवळ?"

ऑर्डेल रागावला नव्हता. गोंधळला होता, साधी गोष्ट बहिणीला कशी कळत नाही म्हणून कशी सांगावी याचा विचार करत असावा.

"अगं," तो म्हणाला, "मागितलं की."